गिरणीत तोंड वर करावं की नाही

जिभेपायी मी फार बोलणी खाल्ली, पण तोंडापायी खाल्ली त्याच्या निम्मीही नाहीत. आणि माझी जीभ काही गरीब नव्हे, हे भिसेगावात कुणालाही विचारा. हसले तर का हसली, गप्प बसले तर तोंड का पाडलं, वर बघितलं तर उंडगी, खाली बघितलं तर मिजासखोर! त्यात लढाईच्या दिवसांत मी कर्जतच्या भाताच्या गिरणीत कामाला लागले, आणि तिथं तर तोंडाशिवाय कामच होत नव्हतं.

मला हौस नव्हती गिरणीची. आमचे हे बैलगाडीनं खालापूरच्या बाजूचं लाकूड स्टेशनावर आणायचे. एकदा उतारावर गाडी कलंडली आणि चाक पायावरून गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि सांगितलं, पावसाळा लागेपर्यंत उठायचं नाही. माणूस घोंगडीवर आडवा. घर एकत्र. शेत थोरल्या दिरांच्या हातात, चूल जावेच्या हातात.

जाऊ वाईट होती असं मी म्हणणार नाही. तोंडातून कधी वावगा शब्द काढला नाही तिनं. पण बाई भात वाढायला लागली की ओठ असे दुमडायची, आणि मी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं की डावी भुवई एवढीशी वर. ‘अजून पायजे?’ असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. ती भुवईच विचारायची. भांडायची सोय नाही! सासूला सांगावं तर सासू म्हणणार, ‘ती काय बोलली तुला?’ काही नाही बोलली. मी मात्र अर्ध्या पोटी उठायची. शेवटी मी ठरवलं की आपल्या दोघांचे तांदूळ आपण आणायचे, म्हणजे ती भुवई आपोआप खाली येईल. एवढ्याचसाठी मी गिरणीत गेले.

शेजारची एक म्हातारी गिरणीत तांदळाच्या तोंडाशी उभी असायची, तिनं मला नेलं. दारातच मी कानांवर हात ठेवले. तेलाचं इंजीन एका टोकाला धडधडतंय, चामड्याचा पट्टा फडफडतोय, मध्ये हलरात भात भरडलं जातंय, आणि सगळ्या पत्र्याच्या शेडला कापरं भरलंय. म्हातारी काहीतरी बोलली. मी म्हटलं, ‘काय?’ ती पुन्हा बोलली. शेवटी माझा दंड धरून तिनं मला बाहेर ओढलं आणि म्हणाली, “कान घरी ठेवून येत जा गं. हितं तोंडावर बगायचं, तोंडावर!”

झालं, माझं तोंड शिकायला लागलं. हलर चालवणारा माणूस एका बाजूला, तांदूळ पडायचा तो दुसऱ्या बाजूला. त्याला तांदूळ दिसायचा नाही, तो त्याच्या भात लोटण्यात आणि पेच फिरवण्यात गुंतलेला. तांदळाशी उभी असलेल्या बाईचे दोन्ही हात चाळणीत. मग सांगायचं कसं? तोंडानं, म्हणजे चेहऱ्यानं. कणी पडायला लागली, तांदूळ मोडायला लागला की ओठांचा चंबू करायचा. म्हणजे पेच सैल कर. टरफलासकट भात तसंच यायला लागलं की भुवया वर चढवायच्या. म्हणजे आवळ. डोळे गच्च मिटले की थांबव. इंजीन सहसा थांबवायचंच नाही, कारण लढाईमुळं तेल मिळायची मारामार, आणि एकदा थंड पडलं की पुन्हा सुरू करताना दोन गडी घामाघूम. त्यामुळं ‘जरा थांबा, समजावून सांगते’ ही सोयच नव्हती.

म्हातारीचं तोंड म्हणजे काय सांगू! सुरकुत्यांनी भरलेलं, पण उभ्या जागेवरून सगळी गिरण हलवायची. तिच्या डोळ्यांत फूल पडलं आणि ती घरी बसली, तशी तिची जागा मला मिळाली. हलरवर तेव्हा एक आडदांड गडी होता. माझ्या तोंडाकडं बघून बघून त्याचा हात असा बसला होता की मी चंबू करायच्या आधीच पेच फिरायचा. तांदूळ मोत्यासारखा पडायचा. मी तांदूळ घरी नेत होते, जावेची भुवई जागेवर होती, ह्यांच्या पायाची सूज उतरत होती. बरं चाललेलं नशिबाला बघवतंय का?

खालापुरात नवी गिरण निघाली आणि तो गडी तिकडं गेला. शेटनं दुसरा माणूस शोधला. कुणाला? तर आमच्या थोरल्या दिरांना! त्यांनी तरुणपणी रेल्वेच्या शेडात काम केलेलं, यंत्राची जाण होती, आणि भातकापणी उरकल्यावर हात रिकामे होते. घरात सगळ्यांना आनंद झाला. ह्यांनाही झाला. “दादा हाय आता तुझ्या सोबतीला,” म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

आता हे नव्या लोकांना समजावून सांगावं लागेल. तोंडावर पडदा घ्यायची रीत आमच्यात कधीच नव्हती. आम्ही शेतात राबणाऱ्या बायका, पडदा घेऊन लावणी कोण करणार? पण थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर, मान खाली, नजर बाजूला. त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. ते ओटीवर आले की आपण आत. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. “सांगा त्यांना, पाणी तापलंय.” आणि ते मांजराकडं बघून म्हणायचे, “म्हणावं, आलो.” लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, एका छपराखाली राहत होतो, पण त्यांचं तोंड मी धड पाहिलेलं नव्हतं. पाय ओळखायची मी. खोकला ओळखायची. त्या खोकल्यावरून मला वाटायचं, माणूस भारी तापट असणार.

आणि अशा माणसासमोर मी ओठांचा चंबू करायचा? अगं बाई गं! थोरल्या दिराला चंबू करून दाखवायचा! मेलेच असते लाजेनं. तेही माझ्याकडं बघायचे नाहीत. बघूच शकत नव्हते बिचारे. मी भावजय. ते हलरवर पाठ करून उभे राहायचे, मी चाळणीत मान खुपसून. तांदळाची कणी पडायची, मी मनातल्या मनात जळायची, आणि कणी पडत राहायची.

शेट ओरडायचा. तो गिऱ्हाईकांसमोर मूठभर कणी माझ्या पुढं धरायचा आणि तोंडानं विचारायचा, ‘हे काय?’ दुपारी इंजीन बंद झाल्यावर मी सांगितलं, “शेट, हलरवर दुसरा माणूस द्या, नायतर मला दुसरीकडं घाला.” तर म्हणतो, “मला गिरण चालवायची आहे की तुमचं सासर? बघायचं, चालवायचं, एवढं साधं काम!” साधं काम! त्याच्याच घरातल्या सुना थोरल्यांसमोर किती वर बघत होत्या ते मला ठाऊक होतं, पण हे बोलायची माझी टाप नव्हती.

मग आम्हीच तोड काढली. पोती शिवणारा एक म्हातारा आमच्या दोघांच्या मध्ये भिंतीशी बसायचा. मी त्याच्याकडं बघून चंबू करायचा. म्हाताऱ्यापुढं कसली लाज, तो आजोबासारखा. त्यानं तोच चंबू दिरांना दाखवायचा. घरी भिंत होती, इथं म्हातारा. काही दिवस चाललं. पण म्हातारा सुई ओवत असला की त्याचं माझ्याकडं लक्ष नाही, आणि लक्ष असलं तर पोहोचवायला उशीर. माझी भुवई वर जाऊन खाली यायची तरी ह्याचं आपलं चाललंय सुतळी चघळणं. माझी चिडचिड व्हायची, आणि चिडलेलं तोंड केलं की तो तेही इमानानं दिरांना दाखवायचा. दीर गोंधळायचे, कारण चिडलेल्या तोंडाला पेच कुठं फिरवायचा हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

माघात कळंबचा एक शेतकरी पोरीच्या लग्नाचं भात घेऊन आला. दोन खेपा होत्या. पहिली गाडी आली त्या दिवशी म्हाताऱ्याला कुणीतरी चांगली तंबाखू दिली होती. त्यानं ती अशी भरभरून ओठांत धरली की थुंकायला उठायचं नाव नाही. ओठ पुढं, गाल फुगलेले. तांदूळ सुरुवातीला छान पडत होता, म्हणून मी तोंड शांत ठेवलं. पण दिरांनी म्हाताऱ्याकडं बघितलं तर चंबू! त्यांनी पेच सैल केला. पुन्हा बघितलं, तरी चंबू. अजून सैल. भात टरफलासकट पडायला लागलं. मी भुवया वर केल्या, आणखी वर केल्या, कपाळ दुखायला लागलं माझं! म्हाताऱ्यानंही भुवया वर केल्या, पण ओठ तसेच. आता भुवया म्हणजे आवळ आणि चंबू म्हणजे सैल कर. दीर काय करणार? त्यांनी पेचाला हातच लावला नाही. मी डोळे गच्च मिटले. म्हाताऱ्याला वाटलं, मला डोळ्यांत कोंडा गेला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला!

कळंबच्या माणसानं मूठभर तांदूळ तोंडात टाकला, चावला, आणि तिथंच थुंकला. “ह्यो भात घालू व्हय मी वऱ्हाडाला? व्याही तोंडात श्यान घालील माज्या!” शेटनं पुन्हा भरडून द्यायचं कबूल केलं, हात जोडले, आणि तो गेल्यावर आमच्याकडं वळला. इंजीन बंद होतं, त्यामुळं प्रत्येक शब्द ऐकू आला. “उद्या ह्यांचीच दुसरी गाडी येणार. तीही अशी झाली तर दोघांतला एक जण घरी. आणि हलरवरचा माणूस मी घरी बसवणार नाही, हे समजून असा.”

म्हणजे घरी बसणार मी. पुन्हा जावेपुढं ताट धरायचं. पुन्हा ती भुवई.

त्या संध्याकाळी मी सासूच्या पाठी लागले. “आत्याबाई, घरात रीत पाळते मी. गिरणीत तेवढं बघू द्या की त्यांच्याकडं. कामापुरतं.” सासू वाल निवडत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. “रीत म्हंजे काय वहाणा हायत गं, गिरणीच्या दारात काढून ठेवायला?” मी ह्यांच्याकडं गेले. म्हटलं, तुमचे सख्खे भाऊ आहेत, तुम्ही सांगा. हे हसले! पाय मोडलेला माणूस घोंगडीवर पडून हसतोय. म्हणाले, “दादाला मी काय सांगू? माझ्या बायकोकडं बघ म्हणू?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं रागानं. दोघांचं पोट मी भरत होते, आणि लाजही मीच सांभाळायची, आणि तांदूळ मोडला तर दोषही माझाच. कुठल्या देवानं लिहून ठेवलं होतं हे, त्याला मला गाठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. म्हाताऱ्याला आदल्या दिवशी शेटनं असा झाडला होता की त्यानं तंबाखूच आणली नाही. पण तंबाखूशिवाय त्याला झोप आवरेना. पहिलं पोतं रिकामं होतंय तोवर त्याची हनुवटी छातीला टेकली. आणि कणी पडायला लागली. कळंबचा माणूस समोर पोत्यावर बसलेला, हाताची घडी घालून. शेट दारात. मी हाक मारली, माझी मलाच ऐकू आली नाही. म्हाताऱ्याला पायानं ढोसायला जावं तर चाळणी सोडायची कशी? समोर दिरांची पाठ, घामानं भिजलेली बंडी, आणि खाली माझ्या हातांत मोडलेला तांदूळ.

मला काय झालं कोण जाणे. मी बाजूच्या ढिगातला ओंजळभर कोंडा उचलला आणि फेकला त्यांच्या मानेवर!

ते गर्रकन वळले. मला वाटलं, आता खातात मला. डोक्यावरचा पदर केव्हाच घसरलेला, दोन्ही हात पुन्हा चाळणीत, सावरणार तरी कसा? आणि मी त्यांचं तोंड पाहिलं. पहिल्यांदा, पूर्ण. ह्यांचंच नाक, तसंच जरा डावीकडं कललेलं. कानाजवळ तीळ. भुवयांवर कोंडा बसलेला. आणि तापट? छे! घाबरलेले होते ते. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. इतके दिवस मी त्यांना भीत होते आणि हा माणूस मला भीत होता, कणीला भीत होता, शेटला भीत होता. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला.

मी चंबू केला. थोरल्या दिरांकडं बघून, भर गिरणीत, शेटसमोर, कळंबच्या पाव्हण्यासमोर. कान पेटल्यासारखे तापले माझे. ते क्षणभर नुसते बघत राहिले. मग त्यांचा हात पेचाकडं गेला. कणी कमी झाली. मी चंबू सोडला नाही. अजून थोडा फिरवला. तांदूळ सरळ पडायला लागला, अख्खा, लांब. मग मी तोंड शांत केलं. त्यांनी पाठ फिरवली नाही. कामाचा माणूस होता तो, एकदा कळलं की कळलं. मी भुवई वर केली की आवळायचे, ओठ पुढं आले की सैल करायचे. दुपारपर्यंत सगळी गाडी निघाली. मधेच एकदा म्हातारा जागा झाला, त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

कळंबच्या माणसानं मूठभर तांदूळ चावला. पोतं खांद्यावर घेतलं आणि गाडीत टाकलं. शेटनं मला मानेनं ‘ठीक’ म्हटलं.

घरी निघालो. ते पुढं, मी मागं लांबवर, रोजच्यासारखी. आमच्या आधी बातमी घरी पोहोचली होती. दारात जाऊ उभी होती, आणि तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. ओठ दुमडलेले, भुवई पार कपाळाला टेकलेली. आत सासू वाल निवडत माझी वाटच बघत होती. पुरुष जेवायला बसेपर्यंत तिनं कळ काढली, मग दिरांच्या देखत म्हणाली, “उद्यापासनं तुझी गिरण बंद. नाचक्की झाली घराची. पदर नाय डोक्यावर, तोंड वाकडं करून दाखवती थोरल्या दिराला! आनि कोंडा मारती!”

आता मात्र माझा तोल गेला. दाराआडून का होईना, पण मी बोलले. “बंद करते की! मग तुमच्या ह्या मुलाला खायला काय घालू, तेवढं सांगा. रीत शिजवून घालू? तांदूळ मोडला तरी माझंच तोंड, तांदूळ सुधारला तरी माझंच तोंड! काय करू मी ह्या तोंडाचं, नेऊन बुडवू उल्हास नदीत?” ह्यांनी घोंगडीवरून “अगं, अगं” केलं. मी म्हटलं, तुम्ही तर बोलूच नका.

दीर जेवत होते. त्यांनी घास संपवला. ताटात पाणी घेऊन हात धुतला. मला वाटलं, संपलं, आता हे सांगणार आणि त्यांचा शब्द घरात शेवटचा ठरणार. त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघितलं. खाकरले.

“तिला म्हणावं,” ते भिंतीला म्हणाले, “उद्या चाळणीच्या पल्याडच्या अंगाला उबं राहावं. आत्ता उबी राहती तितं खिडकी पाठीशी येते. तोंडावर अंधार पडतो.” आणि उठता उठता, जरा हळू, “भुवया दिसत नायत.”

सासूच्या हातातला वाल खाली पडला. मी दाराआड उभी, तोंडात पदर कोंबून. हसायचं होतं, पण रडू आलं, आणि राग तर मावत नव्हता. माघ संपत आला होता माझा कणी निवडता निवडता, मेलं एवढं एक वाक्य बोलायला! शेवटी मीही भिंतीलाच सांगितलं, “सांगा त्यांना, उभी राहीन.”

मग पुरुष उठले आणि आम्ही बायका जेवायला बसलो. मी ताट पुढं केलं. जावेनं भात वाढला. मी पुन्हा ताट पुढं केलं, तिनं पुन्हा वाढला. तेव्हा तिची भुवई कुठं होती, ते मी बघितलंच नाही. मला भूक लागली होती.